अमेरिकेतल्या विद्यापीठात संशोधक म्हणून जाताना: जे-१, एच-१बी की आणखी काही?

देवराई

आयसर, टीआयएफआर, एनसीएल, आयसीटी अशा संशोधन संस्थांमधून अमेरिकेत पोस्टडॉकला (पीएचडीनंतरच्या संशोधनाला) किंवा पाहुणे संशोधक म्हणून जाणाऱ्यांसाठी हा धागा. ऑफर लेटर हातात पडलं की सगळं लक्ष मुलाखतीच्या तारखेकडे लागतं. पण महत्त्वाचा निर्णय त्याच्या आधीच झालेला असतो. यजमान विभागातलं कुणीतरी आंतरराष्ट्रीय कार्यालयाच्या अर्जात एक वर्ग निवडून मोकळं होतं, आणि पुढच्या पाच-सात वर्षांच्या वाटा त्या निवडीवर अवलंबून राहतात. म्हणून डीएस-२०१९ (जे-१ व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो कागद) छापला जाण्याआधी विभागाला पत्र लिहून विचारा: मला कोणत्या वर्गात घालताय, किती मुदतीसाठी, आणि पैसे कुठून आलेत असं दाखवणार आहात?

जे-१ या देवाणघेवाणीच्या व्हिसात संशोधकांना लागू पडणारे वर्ग मुख्यतः दोन. 'रिसर्च स्कॉलर'ची कमाल मुदत ५ वर्षं, किमान ३ आठवडे. 'शॉर्ट-टर्म स्कॉलर'ची कमाल मुदत ६ महिने, किमान काही नाही. पण ती ६ महिन्यांपलीकडे वाढत नाही आणि तिथे राहून वर्ग बदलून रिसर्च स्कॉलरही होता येत नाही. 'प्रोफेसर' वर्गाचे नियम रिसर्च स्कॉलरसारखेच. टेन्युअर-ट्रॅक (पुढे कायम होऊ शकणाऱ्या प्राध्यापकीच्या) जागेसाठी जे-१ चालत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान कुठे होतं ते आधी सांगतो. रिसर्च स्कॉलरची ५ वर्षं ही एकसंध खिडकी असते. चार महिन्यांसाठी गेलात, काम संपलं, सेव्हिसमधली (परदेशी विद्यार्थी-संशोधकांच्या अमेरिकी सरकारी नोंदणी यंत्रणेतली) नोंद बंद झाली, की उरलेली चार वर्षं आठ महिने शिल्लक राहत नाहीत, बुडतात. त्यावर पुढचे २४ महिने पुन्हा रिसर्च स्कॉलर किंवा प्रोफेसर म्हणून जे-१ वर येता येत नाही. तेव्हा एका उन्हाळ्यापुरतं जायचं असेल आणि वर्षभरात मोठी पोस्टडॉक मिळण्याची शक्यता असेल, तर आग्रहाने शॉर्ट-टर्म स्कॉलर मागा. त्या वर्गाला २४ महिन्यांचा अडसर लागत नाही.

कातळशिल्प

उत्तम सुरुवात. एक शंका. ऑफर एकाच वर्षाची असते, 'निधी मिळाल्यास वाढेल' असं लिहिलेलं असतं. मग डीएस-२०१९ एका वर्षाचाच घ्यावा का? आणि १२ महिन्यांचा अडसर असंही कानावर येतं, तो हाच का वेगळा?

देवराई

विद्यापीठं बहुधा हातात असलेल्या निधीइतकीच मुदत देतात, त्यामुळे एका वर्षाचा मिळाला तर घाबरू नका. तो ५ वर्षांपर्यंत वाढवता येतो. अट एकच: मुदतवाढ जुन्या डीएस-२०१९ ची तारीख उलटायच्या आत झाली पाहिजे. शेवटच्या तारखेनंतरचे ३० दिवस आवराआवर करून निघण्यासाठी असतात. त्या दिवसांत काम करता येत नाही आणि मुदतवाढही होत नाही. विभागाची कागदपत्रं दोन-तीन महिने आधी हलवायला लागा, कारण मुदतवाढीला नवं ऑफर लेटर, निधीचा पुरावा आणि विम्याचा कागद सगळंच पुन्हा लागतं.

१२ महिन्यांचा अडसर वेगळा आहे. रिसर्च स्कॉलर म्हणून सुरुवात करायच्या आधीच्या १२ महिन्यांत तुम्ही अमेरिकेत कोणत्याही जे दर्जावर होतात, आणि तो मुक्काम सहा महिन्यांहून जास्त होता, तर थांबावं लागतं. यात जे-१ विद्यार्थी आणि जे-२ जोडीदारही येतात. शॉर्ट-टर्म स्कॉलरचा मुक्काम यात धरत नाहीत, आणि चालू कार्यक्रम एका विद्यापीठातून दुसऱ्याकडे ट्रान्सफर होत असेल तर तोही.

ट्रान्सफरमध्ये मात्र खंड चालत नाही. जुन्या विद्यापीठाने नोंद 'संपली' म्हणून बंद केली, तर ती २४ महिन्यांच्या अडसरात जाते. दोन्ही कार्यालयांनी मिळून ठरवलेल्या तारखेला सेव्हिसमधली नोंद 'सोडायची' असते. प्रयोगशाळेत राजीनामा देण्याआधी दोन्ही आंतरराष्ट्रीय कार्यालयांना एकमेकांशी बोलायला लावा. हे काम प्राध्यापकांचं नाही. सेव्हिसमध्ये हात घालायचा अधिकार फक्त 'रिस्पॉन्सिबल ऑफिसर' आणि त्यांच्या सहायक अधिकाऱ्यांना असतो.

रानजाई

जे-२ चा मुद्दा ठळक करायला हवा. रिसर्च स्कॉलरबरोबर जे-२ वर गेलेल्या जोडीदारालाही २४ महिन्यांचा तोच अडसर लागतो. दोघंही संशोधक असतील तर 'आत्ता जे-२ वर जाऊ, तिथे पोस्टडॉक मिळाली की जे-१ करू' हा बेत हमखास फसतो. त्यापेक्षा जे-२ चा कामाचा परवाना, म्हणजे ईएडी, काढावा. अर्ज आय-७६५, वर्ग सी-५. हा परवाना असेल तर कुठेही काम करता येतं, पोस्टडॉकसुद्धा. फक्त अर्जात 'या कमाईवर जे-१ व्यक्तीचा खर्च चालणार नाही' हे दाखवावं लागतं, म्हणून सोबत घरखर्चाचा छोटा हिशेब आणि जे-१ चा पगार किती ते जोडतात. परवाना येईपर्यंत काही महिने जातात आणि तो जे-१ च्या तारखेबरोबरच संपतो.

एच-४ वर, म्हणजे एच-१बीच्या जोडीदाराच्या व्हिसावर, ही सोय नाही. तिथे ईएडी मिळायला मुख्य व्यक्तीचं आय-१४० (ग्रीन कार्डसाठीचा अर्ज) मंजूर झालेलं असावं लागतं, किंवा तिला सहा वर्षांपुढची मुदतवाढ मिळालेली असावी लागते. ओ-१ (विशेष गुणवत्तेचा व्हिसा) असलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या ओ-३ वर काम करताच येत नाही. दोघांच्या करिअरचा विचार करून दर्जा निवडायचा असेल तर सुरुवातीच्या वर्षांत जे-१ चं पारडं जड आहे.

शुक्रतारा

जे-१ नंतर दोन वर्षं मायदेशी राहण्याच्या अटीबद्दल लिहिते, कारण त्याबद्दल अजून जुनीच माहिती फिरते आहे.

ही अट, म्हणजे कलम २१२(ई), तीन कारणांनी लागते: अमेरिकन किंवा भारत सरकारचा पैसा, 'स्किल्स लिस्ट' (मायदेशाला गरजेच्या विषयांची अमेरिकेने केलेली देशवार यादी), आणि डॉक्टरांचं वैद्यकीय प्रशिक्षण. ९ डिसेंबर २०२४ पासून नवी स्किल्स लिस्ट लागू झाली आणि तीत भारत नाही. ही यादी मागे जाऊनही लागू होते, म्हणजे पूर्वी निव्वळ स्किल्स लिस्टमुळे अडकलेले भारतीय आता मोकळे आहेत. सरकारी पैशाचं कारण मात्र तसंच उभं आहे. फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्तीवर गेलात की अट लागते. भारत सरकारने विशेषतः परदेशी संशोधनासाठी दिलेली शिष्यवृत्ती असेल तरी लागते.

गोंधळ होतो तो एनआयएच किंवा एनएसएफ या अमेरिकी सरकारी संस्थांच्या अनुदानावरून. प्राध्यापकांना मिळालेल्या अनुदानातून विद्यापीठ तुम्हाला पगार देत असेल, तर तो साधारणपणे विद्यापीठाचा पैसा म्हणून डीएस-२०१९ च्या निधीच्या चौकटीत दाखवतात. सरकारी पैसा मोजायचा तो मुळात आंतरराष्ट्रीय देवाणघेवाणीसाठी दिला असेल तर. ती चौकट कुणी चुकून 'यू.एस. गव्हर्नमेंट एजन्सी' अशी भरली, की नको ती अट गळ्यात पडते. म्हणून डीएस-२०१९ हाती आल्याबरोबर पाचवी चौकट वाचा आणि चूक असेल तर व्हिसाच्या मुलाखतीआधीच दुरुस्त करून घ्या.

व्हिसावर किंवा डीएस-२०१९ च्या खालच्या कोपऱ्यात अधिकाऱ्याने 'अट लागू' असं नोंदवलं तरी ते अंतिम नसतं. शंका असेल तर अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या वेव्हर (अटीतून माफी) रिव्ह्यू डिव्हिजनकडून 'ॲडव्हायझरी ओपिनियन' मागवता येतं.

कातळशिल्प

अट खरंच लागू असेल तर भारताकडून ना हरकत घेऊन सुटका होते ना? नोरी की काय म्हणतात ते?

शुक्रतारा

होते, पण फुलब्राइटसारख्या अमेरिकी सरकारी पैशावर गेलेल्यांची निव्वळ ना हरकतीवर सुटका होईल हे धरून चालू नका. बाकीच्यांसाठी क्रम असा. आधी अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावर डीएस-३०३५ भरून १२० डॉलर शुल्कासह पाठवायचा. तिथे केस क्रमांक मिळतो आणि पुढच्या सगळ्या कागदांवर तो लागतो. भारताच्या बाजूने राज्य सरकार, केंद्रीय शिक्षण मंत्रालय आणि पासपोर्ट कार्यालय यांची 'भारतात परतण्याचं बंधन नाही' अशी प्रमाणपत्रं, म्हणजेच नोरी, गोळा करावी लागतात. ती मिळाल्यावर अमेरिकेतला भारतीय दूतावास ना हरकत पत्र थेट परराष्ट्र खात्याला पाठवतो. त्यांची शिफारस झाली की यूएससीआयएस (अमेरिकेचं स्थलांतर खातं) अंतिम मंजुरी देतं. सर्वांत जास्त वेळ भारतातल्या टप्प्याला लागतो. महाराष्ट्रातल्यांना राज्याच्या कागदासाठी घरचं कुणीतरी पाठपुरावा करणारं असलं तर फार फरक पडतो.

आणि एक धोका जपून लक्षात ठेवा. परराष्ट्र खात्याची अनुकूल शिफारस झाल्यावर जे-१ ची मुदतवाढ मिळत नाही. जे-१ ची दोन वर्षं बाकी असतील आणि घाईने वेव्हर करून टाकलं, तर चालू डीएस-२०१९ संपेल तिथेच जे-१ संपतो. आधी हवी ती मुदतवाढ पदरात पाडा, मग वेव्हर.

ही दोन वर्षं सलग असावी लागत नाहीत, तुकड्यातुकड्यांनी भरली तरी चालतात. पण ती भारतातच भरावी लागतात. सिंगापूर किंवा जर्मनीत केलेली पोस्टडॉक त्यात धरत नाहीत.

उंबरठा

आता एच-१बी. विद्यापीठांना लॉटरी (दरवर्षीच्या मर्यादित जागांसाठीची सोडत) नाही, अर्ज वर्षभरात कधीही करता येतो, कामाच्या तारखेच्या फार तर ६ महिने आधी. प्रथम कामगार खात्याकडे एलसीए, म्हणजे पगार आणि कामाच्या अटींचा अर्ज. त्याला ७ कामकाजाचे दिवस लागतात. त्यात त्या भागातल्या त्या पदाचा प्रचलित पगार दाखवावा लागतो आणि पोस्टडॉकचा पगार त्याहून कमी निघाला तर गाडी तिथेच अडते. मग आय-१२९, म्हणजे मूळ एच-१बी अर्ज. प्रीमियम प्रोसेसिंग (जादा शुल्क भरून झटपट तपासणी) घेतलं तर १५ कामकाजाच्या दिवसांत निर्णय किंवा अधिक पुराव्याची मागणी. अर्जाचं शुल्क, ५०० डॉलरचं फसवणूक-प्रतिबंधक शुल्क आणि वकिलाचा खर्च मालकानेच करायचा असतो. 'अर्धा खर्च तुम्ही करा' असं विभागाने सुचवलं तर नम्रपणे आंतरराष्ट्रीय कार्यालयाकडे बोट दाखवा.

मुदत एका वेळी ३ वर्षं, एकूण ६. टेन्युअर-ट्रॅकला हाच रस्ता. विद्यापीठाचा एच-१बी घेऊन पुढे खासगी कंपनीत जायचं ठरलं तर लॉटरी चुकत नाही, कारण तुमचं नाव त्या मर्यादेत कधी मोजलंच गेलेलं नसतं.

सप्टेंबर २०२५ नंतर चित्र बदललं. २१ सप्टेंबर २०२५ पासून दाखल होणाऱ्या, अमेरिकेबाहेर असलेल्या व्यक्तीसाठीच्या नव्या एच-१बी अर्जांवर १,००,००० डॉलर भरण्याची अट अध्यक्षीय घोषणेने आणली आणि विद्यापीठांना सरसकट सूट ठेवली नाही. घोषणा १२ महिन्यांसाठी होती, त्यामुळे अर्ज दाखल करायच्या दिवशी नियम काय आहे ते कार्यालयाकडून लेखी घ्या. यूएससीआयएसच्या ऑक्टोबर २०२५ च्या खुलाशानुसार अमेरिकेतच राहून जे-१ किंवा एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वरून दर्जा बदलला तर ही रक्कम लागत नाही. पण दर्जा बदलाचा अर्ज प्रलंबित असताना देशाबाहेर पाऊल टाकलं तर बदलाचा भाग सोडून दिला असं धरतात आणि मग ती रक्कम लागू होऊ शकते. त्या काळात गणपतीला किंवा लग्नाला घरी यायचा मोह आवरा. मंजुरी हातात पडेपर्यंत तिकीट काढू नका.

यावरूनच २१२(ई) किती महत्त्वाचं ते कळतं. अट लागू असेल तर देशात राहून दर्जा बदलता येत नाही आणि बाहेरूनही एच, एल (कंपनीअंतर्गत बदलीचा व्हिसा) किंवा ग्रीन कार्ड मिळत नाही. ओ-१ मात्र भारतात येऊन कॉन्सुलेटमधून घेता येतो, अट तशीच पुढे ढकलून.

रानजाई

ओ-१ ला 'नोबेलवाल्यांचा व्हिसा' समजून कुणी हातच लावत नाही. आठ निकषांपैकी तीन दाखवायचे असतात. संशोधकांकडे साधारण हे असतं: स्वतःचे शोधनिबंध, इतरांच्या निबंधांचं परीक्षण केल्याची नोंद, आणि क्षेत्रात मोलाचं योगदान. हे तिसरं सिद्ध करण्यातच खरी मेहनत आहे. नुसता उद्धरणांचा आकडा पुरत नाही. तुमची पद्धत दुसऱ्या कोणत्या प्रयोगशाळेने वापरली, कशासाठी, त्याने काय बदललं, हे तुमच्याबरोबर कधीही काम न केलेल्या तज्ज्ञांनी पत्रात लिहावं लागतं. पहिली मुदत ३ वर्षांपर्यंत, नंतर एकेक वर्ष, आणि एकूण मर्यादा नाही. परीक्षणं करता त्या प्रत्येक नियतकालिकाची आभाराची ईमेल आजपासून एका फोल्डरमध्ये ठेवत जा.

हिशेबनीस

करांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून.

जे-१ संशोधकाला पहिली दोन कॅलेंडर वर्षं सोशल सिक्युरिटी (निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअरची (वृद्धांच्या आरोग्य विम्याची) ७.६५ टक्के कपात लागत नाही. यात वर्षाचा एक दिवसही अख्खं वर्ष मोजला जातो. २८ डिसेंबरला उतरलात तर चार दिवसांत एक वर्ष खर्ची पडलं. सुरुवातीची तारीख हातात असेल तर जानेवारी घ्या. एच-१बीला ही सूट नाही, जे-२ च्या कमाईलाही नाही. पगारपत्रकात चुकून कपात झाली तर आधी विद्यापीठाच्या पेरोलकडेच परतावा मागायचा.

भारत-अमेरिका करारातलं कलम २२ संशोधन आणि अध्यापनाच्या पगाराला २ वर्षांपर्यंत संघीय प्राप्तिकरातून सूट देतं. अट: येण्याच्या लगेच आधी तुम्ही भारताचे करनिवासी असायला हवेत. अमेरिकेतच पीएचडी करून एफ-१ वरून जे-१ झालेल्यांना म्हणूनच ही सूट सहसा मिळत नाही. यासाठी फॉर्म ८२३३ दरवर्षी नव्याने पेरोलला द्यावा लागतो. मुक्काम दोन वर्षांपुढे जाणार असेल तर सूट घेण्याआधी कर सल्लागाराला विचारा, कारण मागची सूट परत भरायची वेळ येऊ शकते. तोवर ती रक्कम बाजूला ठेवणं शहाणपणाचं. कॅलिफोर्नियासारखी काही राज्यं हा करार मानत नाहीत, तिथे राज्याचा कर लागतोच. भारतीय विद्यार्थ्यांना कलम २१ खाली मिळणारी स्टँडर्ड डिडक्शन संशोधकांना मिळत नाही. रूममेट विद्यार्थ्याचं रिटर्न बघून स्वतःचं भरू नका.

पहिली दोन वर्षं १०४०-एनआर (अनिवासींचं रिटर्न) आणि फॉर्म ८८४३ (मुक्कामाचे दिवस करनिवासासाठी मोजू नयेत म्हणून). काहीही उत्पन्न नसलेल्या जे-२ मंडळींनीही ८८४३ भरायचा. तिसऱ्या कॅलेंडर वर्षात बहुतेकजण करनिवासी होतात. मग भारतातल्या एफडीचं व्याजही तिथल्या रिटर्नमध्ये येतं, आणि भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरवर गेली तर एफबीएआर (परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म) भरावा लागतो. आईबाबांबरोबरचं संयुक्त खातं यात धरतात, ते नेमकं विसरलं जातं.

उंबरठा

मुलाखतीची तयारी थोडक्यात. जे-१ साठी सेव्हिस शुल्क २२० डॉलर, व्हिसा शुल्क १८५. एच आणि ओ साठी २०५. मुंबईत दोन अपॉइंटमेंट असतात, आधी बोटांचे ठसे आणि फोटो, मग कॉन्सुलेट. सप्टेंबर २०२५ पासून ड्रॉपबॉक्सची (मुलाखतीशिवाय व्हिसाची) सोय बहुतेकांसाठी बंद झाली आणि अर्ज आपल्या नागरिकत्वाच्या किंवा निवासाच्या देशातच करावा असा नियम आला. थायलंडला जाऊन स्टँपिंग करून घेण्याचे जुने सल्ले आता निरुपयोगी आहेत. जे, एफ आणि एच अर्जदारांना समाजमाध्यमांची खाती सार्वजनिक ठेवायला सांगतात. डीएस-१६० मध्ये (व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात) गेल्या पाच वर्षांतली सगळी खाती नोंदवा, बंद पडलेलीसुद्धा.

रसायनशास्त्र, अणू, एरोस्पेस, सेमिकंडक्टर, विषाणू असा विषय असेल तर २२१(जी) ची चिठ्ठी मिळण्याची तयारी ठेवा. तो अंतिम नकार नसतो, पुढची तपासणी असते, पण तिला कालमर्यादा नाही. सीव्ही, प्रकाशनांची यादी, एका पानाचा संशोधनाचा आराखडा आणि यजमान प्राध्यापकांचा सीव्ही आधीच पीडीएफ करून ठेवा. मागितल्यावर त्याच दिवशी पाठवता येतो. आराखडा शेजारच्या इतिहासाच्या प्राध्यापकांना कळेल इतक्या सोप्या भाषेत हवा. तारीख टळणार असं दिसलं तर कार्यालयाला लगेच कळवा; सुरुवातीची तारीख पुढे ढकलून नवा डीएस-२०१९ देणं त्यांच्यासाठी नेहमीचं काम आहे.

रानजाई

विम्यात फार फसगत होते. जे-१ आणि प्रत्येक जे-२ साठी किमान अटी: प्रत्येक आजार किंवा अपघाताला १,००,००० डॉलर, वैद्यकीय कारणाने मायदेशी हलवायला ५०,०००, पार्थिव परत पाठवायला २५,०००, आणि स्वतः भरायचा डिडक्टिबल प्रत्येक वेळी ५०० च्या आत. भारतातून घेतलेल्या प्रवास विम्यात हे सगळे आकडे क्वचितच बसतात आणि बाळंतपण जवळजवळ नसतंच. विद्यापीठाचा कर्मचारी विमा चांगला असला तरी मायदेशी हलवणं आणि पार्थिव परत पाठवणं या दोन बाबी त्यात नसल्या तर त्यांची वेगळी छोटी पॉलिसी घ्यावी लागते. विमा जाणूनबुजून टाळला तर कार्यक्रम रद्द होतो, आणि तो रद्द करण्यावाचून कार्यालयालाही गत्यंतर नसतं.

कातळशिल्प

पोचल्यावरची कामं? आणि फक्त दोन-तीन व्याख्यानांसाठी जाणाऱ्या प्राध्यापकांनाही जे-१ लागतो का?

देवराई

व्याख्यानांना बी-१ (छोट्या कामाच्या भेटीचा व्हिसा) पुरतो. मानधन घ्यायचं असेल तर एका संस्थेत ९ दिवसांपेक्षा जास्त नाही, आणि ६ महिन्यांत ५ पेक्षा जास्त संस्था नाहीत. पगारी संशोधन त्यावर करायचं नाही. उलट, जे-१ वर असताना दुसऱ्या विद्यापीठाने मानधन देऊन व्याख्यानाला बोलावलं, तर जाण्याआधी आपल्या कार्यालयाचं लेखी पत्र घ्यावं लागतं. व्याख्यान देऊन आल्यावर मागितलेलं पत्र चालत नाही.

पोचल्यावर: सुरुवातीच्या तारखेच्या ३० दिवस आधीपर्यंत प्रवेश मिळतो. उतरल्यावर दोन-तीन दिवसांत सीबीपीच्या (अमेरिकेच्या सीमा खात्याच्या) संकेतस्थळावरून आय-९४, म्हणजे प्रवेशाची नोंद, काढून नाव, जन्मतारीख आणि दर्जा जे-१च आहे ना ते तपासा; चुकून बी-२ नोंदवल्याचे प्रकार होतात आणि ते लगेच दुरुस्त होतात. मग आंतरराष्ट्रीय कार्यालयात हजेरी. सुरुवातीच्या तारखेपासून ३० दिवसांत त्यांनी सेव्हिसमध्ये तुमची नोंद सक्रिय केली नाही तर कार्यक्रम बाद होतो, म्हणून प्रयोगशाळेत रमण्याआधी हे. नोंद सक्रिय झाल्यावर काही दिवसांनी सोशल सिक्युरिटी क्रमांकाला जा. लवकर गेलात तर त्यांच्या यंत्रणेत नाव सापडत नाही आणि अर्ज लोंबकळतो. पत्ता बदलला की १० दिवसांत कळवायचा.

भारतात सुट्टीवर येताना डीएस-२०१९ वर प्रवासाची सही आहे का पाहा. ती रिसर्च स्कॉलरला एक वर्ष चालते, शॉर्ट-टर्मला ६ महिने, आणि परत शिरण्याच्या दिवशी ती जिवंत असायला हवी.

कातळशिल्प

सही परतीच्या दिवशी जिवंत हवी, निघायच्या दिवशी नव्हे. हे नेमकं उलट समजत होतो. धन्यवाद सगळ्यांना. धाग्याचा दुवा आमच्या विभागातल्या पोस्टडॉकला जाणाऱ्या मुलामुलींना पाठवतो.